प्रोटॉन मरतो का? कोलारची खाण आणि बलांच्या एकीकरणाची गोष्ट

उंबरठा

अकरावीला 'बल' शिकवताना दरवर्षी एक परिच्छेद असा येतो की तो वाचून दाखवायचा आणि पुढे सरकायचं, अशी आम्हा मास्तर लोकांत अलिखित प्रथा आहे. निसर्गात चार मूलभूत बलं: गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय, तीव्र अणुकेंद्रीय आणि क्षीण अणुकेंद्रीय. खाली एक तक्ता. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, यूट्यूबवर म्हणतात ही सगळी खरं तर एकच आहेत. मग चार कशाला पाठ करायची?" मी म्हणालो, "छान प्रश्न आहे." मास्तर असं कधी म्हणतो हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

मग घरी येऊन चार-पाच रात्री वाचत बसलो. हे प्रकरण जिनिव्हा-हार्वर्डचं असणार अशी समजूत होती. निघालं असं की त्याचा एक मोठा अंक कुलाब्याच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीत रंगवला होता, आणि पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवून मला त्याचा पत्ता नव्हता. म्हणून हा धागा.

आधी 'एकच आहेत' म्हणजे काय ते. वीज आणि चुंबक ही १८२० पर्यंत दोन वेगळी खाती होती. त्या वर्षी कोपनहेगनला ऑर्स्टेडने तारेतून प्रवाह सोडला आणि शेजारची चुंबकसूची हलली. १८३१ मध्ये फॅरडेने उलटं करून दाखवलं, चुंबक हलवून वीज काढली. मॅक्सवेलने १८६०च्या दशकात दोघांना एका दावणीला बांधलं, तेव्हा त्या समीकरणांतून एक वेग बाहेर पडला. तो काढायला लागणारा आकडा वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्येच मोजून ठेवला होता, विजेचा साठा करणाऱ्या बरण्या आणि तारेची वेटोळी वापरून. प्रकाशाचा त्या टेबलावर काही संबंध नव्हता. तरी वेग निघाला प्रकाशाचाच. मला वाटतं एकीकरण खरं की नुसती कविता, हे ओळखायची खूण हीच: जे मागितलं नव्हतं तेही पदरात पडतं.

पुढची पायरी क्षीण बलाची. या बलाचं बारसंच चुकलंय. ग्लाशो (१९६१), वाइनबर्ग (१९६७) आणि सलाम (१९६८) यांच्या मांडणीत क्षीण बल मुळात क्षीण नाहीच, त्याचे निरोपे फक्त जड आहेत. विद्युतचुंबकीय निरोप फोटॉन नेतो, त्याला वस्तुमान नाही, तो कुठवरही जातो. क्षीण बलाचे डब्ल्यू आणि झेड अनुक्रमे ८० आणि ९१ जीईव्हीचे (कणांचं वजन आणि ऊर्जा मोजायचं माप). प्रोटॉन एक जीईव्हीहूनही किंचित कमी, त्यावरून अंदाज करा. एवढं ओझं डोक्यावर घेऊन निरोप्या अंगणाच्या पुढे जात नाही, पल्ला प्रोटॉनच्या रुंदीच्या साधारण हजाराव्या हिश्श्याइतका. पण टक्कर जर शंभर जीईव्हीच्या वर नेली तर हे ओझं जाणवेनासं होतं आणि दोन्ही बलं बरोबरीने वागतात. १९७३ मध्ये जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या गार्गामेल बुडबुडा-कक्षात न्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला, जवळजवळ कशालाच न अडणारा कण) धडक देऊन न्यूट्रिनो म्हणूनच निघून गेल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे झेडची सावली दिसली. १९७९ चं नोबेल तिघांना मिळालं तेव्हा झेड आणि डब्ल्यू प्रत्यक्ष सापडलेही नव्हते. ते १९८३ मध्ये सापडले, भाकीत केलेल्या वजनाचे.

इथवर छान. आता माणसाची हाव. दोन झाली, तिसरं का नाही? १९७३-७४ मध्ये ओडिशाचे जोगेश पाती आणि अब्दुस सलाम यांनी एक वाट काढली, आणि हार्वर्डला जॉर्जाय आणि ग्लाशो यांनी दुसरी, तिचं नाव एसयू(५). तीव्र बलालाही त्याच कुटुंबात आणायचं. हिशोब सांगत होता की तिन्ही बलं एकावर चौदा-पंधरा शून्यं इतक्या जीईव्हीला एकत्र येतील. आजचा सगळ्यात मोठा प्रवेगक, सर्नचा एलएचसी, पोचतो १३,६०० जीईव्हीपर्यंत. म्हणजे निदान दहा शून्यं कमी. पृथ्वीवर असं यंत्र होणे नाही.

पण एक चोरवाट होती. सगळे एका घरातले म्हटल्यावर प्रोटॉन ज्यांचा बनलेला असतो त्या क्वार्कचा इलेक्ट्रॉन-वर्गातला कण होऊ शकतो, म्हणजे प्रोटॉन मरू शकतो. एसयू(५) ने मुदतही सांगितली: सरासरी आयुष्य एकावर तीस-एकतीस शून्यं इतकी वर्षं. आणि प्रोटॉन मरताना बघायचा तर खोल खाणीत जायचं, कारण वरती वैश्विक किरणांचा पाऊस थांबत नाही.

खोल खाण आपल्याकडे होती. कोलार गोल्ड फील्ड्स, तीन किलोमीटरहून जास्त खोल. टीआयएफआरचे लोक तिथे १९५०च्या दशकापासून म्यूऑन (वैश्विक किरणांतून येणारे, इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) मोजत होते. जपानच्या ओसाका सिटी विद्यापीठाबरोबर त्यांनी १९८० मध्ये २,३०० मीटर खोलीवर १४० टन लोखंडाचा शोधक (डिटेक्टर) उभा केला. कण गेला की नोंद करणारे, चौकोनी लोखंडी नळ्यांचे सुमारे १,६०० गणक, थरावर थर. प्रोटॉनचा मृत्यू टिपायला म्हणून मांडलेला जगातला पहिला मोठा प्रयोग. आणि १९८१ मध्ये त्यांनी जाहीर केलं: तीन घटना दिसल्या आहेत, त्या प्रोटॉनच्या ऱ्हासाच्या असू शकतात.

पुढे काय झालं ते मला अर्धवट कळलंय. जाणकारांनी भर घालावी. खाणीत प्रत्यक्ष उतरलेलं कुणी इथे असेल तर सोन्याहून पिवळं.

चहाबाज

वाचतोय. एक बाळबोध शंका. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, म्हणजे एकावर दहाच शून्यं. प्रोटॉनचं आयुष्य एकावर तीस शून्यं. मग तिथे बसून वाट बघायची म्हणजे नेमकं काय करायचं?

उंबरठा

@चहाबाज, विमा एजंट करतो तेच. माणूस सरासरी सत्तर वर्षं जगतो, म्हणून पहिला मृत्यू बघायला सत्तर वर्षं थांबावं लागत नाही. मुंबईत रोज कुणीतरी जातं. एका प्रोटॉनवर डोळा ठेवून उपयोग नाही, पण एक टन पाण्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून एकावर एकोणतीस शून्यं आणि त्याच्या सहापट असतात. कोलारच्या १४० टन लोखंडात आठावर एकतीस शून्यं. आयुष्य एकावर एकतीस शून्यं धरलं तर वर्षाला आठेक मृत्यू व्हायला हवेत, त्यातले काही कडेला होऊन निसटणार.

एक मजेशीर युक्तिवादही वाचला. मॉरिस गोल्डहाबर नावाचे शास्त्रज्ञ म्हणत की प्रोटॉन निदान एकावर सोळा शून्यं इतकी वर्षं जगतो हे आपल्या हाडांना माहीत आहे. त्याहून लवकर मरत असता तर शरीरातल्या प्रोटॉनांच्या किरणोत्सारानेच आपण गेलो असतो.

तिरकस

म्हणजे १४० टन लोखंड जमिनीखाली नेलं, वर्षानुवर्षं टक लावून बसले, आणि दिसलं काय, तर 'असू शकतात'. आमच्या सोसायटीच्या मीटिंगांचं इतिवृत्त असंच असतं.

सोऽहम्

लेख उत्तम. पण पाश्चात्त्यांना जे आत्ता सुचतंय ते आपल्या ऋषींनी केव्हाच सांगून ठेवलंय. सर्व काही एक आहे, भेद दिसतो तो मायेमुळे. ऊर्जा वाढवली की भेद मावळतो, हे तुम्ही वेगळ्या शब्दांत तेच सांगताय.

तिरकस

@सोऽहम्, आलात? मी घड्याळ लावून बसलो होतो.

मृण्मयी_क

सोऽहम् यांची थट्टा नको, पण फरक सांगते. अद्वैताला कुणी विचारलं की प्रोटॉन किती वर्षांनी मरतो, तर ते उत्तर देणार नाही, आणि द्यावं अशी कुणाची अपेक्षाही नाही. एसयू(५) ने आकडा दिला. आकडा दिला की मार खायची तयारी ठेवावी लागते. 'सगळं एक आहे' एवढंच म्हणणाऱ्याला कोणतीही खाण खोटं पाडू शकत नाही, त्यामुळे खरंही ठरवू शकत नाही.

(ओळख: पीएचडी कणभौतिकीत, आता बंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे तिखट खाऊन झाल्यावर ताकावर आलेली.)

उंबरठा सरांनी एक गोष्ट घाईत उरकली ती थोडी उकलते, कारण सगळी गंमत तिथे आहे. तीन बलं एकत्र येतात म्हणजे काय? बलाची ताकद हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही. किती जवळून बघता, म्हणजे किती ऊर्जेने टक्कर घडवता, त्यावर ती बदलते.

विजेचं बघा. निर्वात पोकळी रिकामी नसते, तिथे कण-प्रतिकणांच्या जोड्या क्षणभर येऊन जात असतात. इलेक्ट्रॉन म्हणजे सभेला आलेला पुढारी. भोवती कार्यकर्त्यांचं कडं, लांबून फक्त टोपी दिसते. कडं भेदून आत गेलात तर पुरता माणूस दिसतो. म्हणून दुरून विद्युत बलाची ताकद १३७ भागांत एक, आणि झेडच्या ऊर्जेइतकं जवळ गेलात तर साधारण १२८ भागांत एक. जवळून जास्त.

तीव्र बलाचं उलट, ते अफवेसारखं चालतं. भांडणाच्या घरी जाऊन विचाराल तर "काही नाही हो, जरा बोलाचाली झाली." तालुक्याला पोचेपर्यंत कोयते निघालेले असतात. कारण या बलाचे निरोपे, ग्लुऑन, स्वतःच तो भार बाळगतात आणि वाटेत भर घालत जातात. लांबून प्रचंड, जवळून किरकोळ. हे १९७३ मध्ये ग्रोस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी दाखवलं, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता एक बल जवळ जाताना वाढतंय, दुसरं घटतंय, तिसरं, म्हणजे क्षीण, तेही घटतंय पण हळू. तीन रेषा काढा आणि पुढे पुढे नेत जा. १९७४ मध्ये जॉर्जाय, क्विन आणि वाइनबर्ग यांनी नेल्या आणि त्या एकमेकींकडे झुकलेल्या दिसल्या. हेलन क्विन यांचं नाव अशा गप्पांत हमखास गळतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

चहाबाज

अफवा झकास. पण मूळ प्रश्न राहतो, एकत्र आणायचा सोस का? तीन असतील तर असू देत की. कुणाचं काय अडलंय?

मृण्मयी_क

अडलंय ना. तुमच्या कपातल्या चहाला विद्युतभार का नाही?

प्रोटॉनचा भार अधिक, इलेक्ट्रॉनचा उणे, आणि दोन्ही तंतोतंत सारखे. किती तंतोतंत? एकावर वीस-एकवीस शून्यं इतक्या भागांत एकाचाही फरक सापडलेला नाही. पण प्रोटॉन तीन क्वार्कांचा, तीव्र बलाच्या घरातला. इलेक्ट्रॉन त्या घराच्या उंबऱ्यावरही कधी पाय ठेवत नाही. दोन अनोळखी माणसांच्या वहीत जमा-खर्च पैशापर्यंत जुळला तर काय म्हणाल? योगायोग?

एसयू(५) म्हणते, ते अनोळखी नाहीतच, एका पंगतीत बसलेत. पंगत पाच जणांची. डाउन क्वार्कचे तीन प्रतिकण (तीन 'रंगांचे'), एक इलेक्ट्रॉन, एक न्यूट्रिनो. नियम एकच: पंगतीतल्या सगळ्यांच्या भाराची बेरीज शून्य आली पाहिजे. न्यूट्रिनो शून्य, इलेक्ट्रॉन उणे एक, मग उरलेल्या तिघांत मिळून अधिक एक. प्रत्येकी एक तृतीयांश. क्वार्कचा भार तिसऱ्या हिश्श्यात का असतो, याचं उत्तर 'कारण रंग तीन आहेत' असं निघतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत उठून उभी राहिले होते. आजही ते खोटं आहे यावर मनापासून विश्वास बसत नाही. आणि तरीही एसयू(५) आहे त्या रूपात खोटी ठरली.

सोऽहम्

@मृण्मयी_क, मुद्दा पोचला. पंगतीचं उदाहरण आवडलं. माझं मत बदललेलं नाही पण वाचतोय.

जुना_खाणवाला

इथे सहसा पाककृतींच्या धाग्यांवर असतो. कोणी खाणीत उतरलेलं आहे का असं विचारलंत म्हणून लॉगिन केलं.

मी मायनिंगचा डिप्लोमा केलेला, विदर्भातला. ऐंशीच्या दशकात शिकाऊ म्हणून काही महिने केजीएफला होतो. प्रयोगाशी माझा संबंध नाही, पण 'टाटा इन्स्टिट्यूटची लोकं' हा शब्द तिथे सगळ्यांच्या तोंडी होता. खाली काम करणारे बहुतेक तमिळ. आम्ही दगड फोडून सोनं काढायचो आणि ही मंडळी त्याच दगडाचं छप्पर करून त्याखाली बसायची.

लोकांना वाटतं खोल म्हणजे थंडगार. उलट आहे. जसे खाली जाल तसा खडक तापत जातो. यंत्रांनी गार हवा खाली ढकलावी लागायची. पिंजरा सुटला की कानात दडे बसतात आणि पोट वर राहून तुम्ही खाली जाता. शिवाय रॉकबर्स्ट. वरच्या दाबाने खडक अचानक फुटतो, तोफेसारखा आवाज येतो. वरती गावात घराच्या भिंतींना तडे जायचे. अशा जागी नाजूक गणक वर्षानुवर्षं चालू ठेवायचे, त्यातला वायू सांभाळायचा, आणि एक नळी बिघडली तर तिच्यासाठी पुन्हा खाली उतरायचं. तिरकसराव, टक लावून बसणं एवढं सोपं नव्हतं.

आमच्यातला एक जुना फोरमन म्हणायचा, हे लोक असं काहीतरी शोधताहेत जे झालं तर जगाचा शेवट आहे, आणि नाही झालं तर यांची नोकरी चालू. तेव्हा हसलो होतो. आज हा धागा वाचून कळलं की त्याला विषय बऱ्यापैकी समजला होता.

तिरकस

काका, शब्द मागे घेतो. फोरमनला माझा नमस्कार.

उंबरठा

@जुना_खाणवाला, याच्यासाठीच धागा काढला होता. फार फार आभार.

मृण्मयी_क

काका, __/\__

आता त्या तीन घटनांचं काय झालं ते. याला मी शोकांतिका म्हणत नाही, पण ज्याने त्याने ठरवावं.

खाणीत २,३०० मीटर खाली म्यूऑन जवळजवळ पोचत नाहीत. पण न्यूट्रिनो पोचतो, त्याला कोणताच खडक अडवत नाही. वैश्विक किरण हवेवर आदळले की न्यूट्रिनो तयार होतात. तो कधीमधी शोधकातल्या लोखंडाच्या अणूला धडकतो, आणि त्यातून जे तुकडे उडतात ते प्रोटॉन फुटल्यासारखेच दिसू शकतात. शोधक लोखंडाचा, नळ्या दहा सेंटीमीटर रुंद. इतक्या जाड रेघेने काढलेल्या चित्रात फरक ओळखणं अवघड.

आणि हे हवेतले न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा दिसले कुठे? याच कोलारच्या खाणीत, १९६५ मध्ये. टीआयएफआर, ओसाका आणि इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाचा तो प्रयोग, मेनन, श्रीकंठन ही मंडळी त्यात होती. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत राइनस यांच्या गटालाही ते दिसले. म्हणजे कोलारने ज्याला जगापुढे आणलं, त्यानेच पंधरा वर्षांनी कोलारच्या साक्षीवर संशय आणला.

निकाल लावला पाण्याने. अमेरिकेत ईरी सरोवराच्या काठी मिठाच्या खाणीत आयएमबी नावाचा हजारो टन पाण्याचा शोधक १९८२ मध्ये सुरू झाला. शुद्ध पाण्यात वेगवान कण गेला की निळसर प्रकाशाची कडी उमटते, ती चारी बाजूंच्या प्रकाशनलिका टिपतात. प्रोटॉन मेला तर पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) एका दिशेला आणि पायॉन नावाचा कण बरोबर विरुद्ध दिशेला, पायॉनचे लगेच दोन फोटॉन. चित्र इतकं ठरलेलं की चुकायची सोय नाही. एसयू(५) खरी असती तर आयएमबीत ढिगाने घटना दिसायला हव्या होत्या. काही महिन्यांतच कळलं की एकही नाही. १९८३ पासून जपानच्या कामिओका खाणीतही तेच. कोलारने पुढे १९८५ पासून २६० टनांचा दुसरा शोधक चालवला, पण बाजी पाण्याकडे गेली होती.

चहाबाज

मग आता नेमकी स्थिती काय? मेला का एखादा?

मृण्मयी_क

नाही. सुपर-कामिओकांडे १९९६ पासून चालू आहे, ५०,००० टन पाणी. दहा हजार लिटरच्या टँकरने भरायचं म्हटलं तर ५,००० टँकर, मराठवाड्यातल्या लोकांना पटकन कळेल. पॉझिट्रॉन-पायॉन या मार्गाने मरायचं तर प्रोटॉनचं आयुष्य एकावर चौतीस शून्यं आणि त्याच्या दुपटीहून जास्त असलं पाहिजे, इथवर त्यांनी रेटलंय. एसयू(५) च्या मूळ आकड्याच्या निदान हजारपट.

दुसरा दणका १९९१ मध्ये. सर्नच्या जुन्या प्रवेगकावर तिन्ही बलांची ताकद फार बारकाईने मोजली गेली होती. रेषा पुन्हा काढल्या तर त्या एका बिंदूत मिळेनात. तीन रस्ते एकाच चौकात येतील म्हणून गेलो आणि तीन वेगळे नाके लागले. महासममिती नावाची कल्पना घातली, म्हणजे प्रत्येक कणाला एक जड जोडीदार मानला, तर रेषा पुन्हा सुरेख जुळतात, एकावर सोळा शून्यं जीईव्हीच्या आसपास. माझ्या पिढीने त्यावर करिअरं लावली. एलएचसीने २०१२ मध्ये हिग्ज कण दिला, पण त्या जोडीदारांपैकी एकही आजवर दाखवला नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये का आहे याचं थोडंफार उत्तर यात आहे.

तिरकस

शब्द मागे घेतला होता, पण राहवत नाही. एकूण हिशोब असा: चाळीस वर्षं, तीन देश, हजारो टन पाणी-लोखंड, मेलेले प्रोटॉन शून्य.

उंबरठा

@तिरकस, यावर मी काल रात्री बरंच वाचलं. मूळ कामिओकांडेच्या नावातली शेवटची अक्षरंच 'न्यूक्लिऑन डिके एक्सपेरिमेंट'ची आहेत, म्हणजे प्रोटॉनचा मृत्यू बघायलाच तो बांधला. २३ फेब्रुवारी १९८७ ला शेजारच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो त्याच पाण्यात येऊन पडले. तेरा सेकंदांत अकरा. आयएमबीत आठ. प्रमुख कोशिबा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. २००२ चं नोबेल.

आणि मृण्मयीताईंनी सांगितलेला तो त्रासदायक हवेतला न्यूट्रिनो, ज्याला गाळून टाकायला सगळे धडपडत होते? तो जितका यायला हवा तितका येत नाही असं लक्षात आलं. १९९८ मध्ये सुपर-कामिओकांडेने दाखवलं की तो वाटेत रूप बदलतो, म्हणजे त्याला वस्तुमान आहे. त्याबद्दल काजिता यांना २०१५ चं नोबेल. नको म्हणून बाजूला काढलेल्या चोथ्यातून हे निघालं. आणि बऱ्याच महाएकीकरण सिद्धांतांत न्यूट्रिनोचं हे चिमुकलं वस्तुमान सहज बसतं, हेही मला नव्यानेच कळलं.

तिरकस

बरं बाबा, शून्य नाही. अकरा अधिक आठ.

रेवस_बंदर

उत्तम धागा. दोन अवांतर प्रश्न. एक, गुरुत्वाकर्षणाचं काय? तीनच बलांवर गप्पा चालल्यात. दोन, कोलारनंतर भारतात काही झालं की नाही?

मृण्मयी_क

गुरुत्वाकर्षण अजून पंगतीच्या बाहेर, ओसरीवर बसलंय. दोन प्रोटॉनांमधलं त्यांचं विद्युत प्रतिकर्षण हे त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या एकावर छत्तीस शून्यं इतकं पट आहे. बाकी तिघांची भाषा याला लागूच पडत नाही. फॅरडेने १८४९ मध्ये वस्तू उंचावरून खाली सोडून तारेत वीज उमटते का ते बघितलं होतं. नाही उमटली. आइन्स्टाइनने शेवटची तीस वर्षं यात घातली. हिंगोलीला औंढा नागनाथजवळ लायगो होतंय, तिथे गुरुत्वीय लहरी मोजतील, पण त्याने एकीकरण होईल असं कुणी समजू नये. तो वेगळा धागा होईल.

दुसऱ्याचं उत्तर उंबरठा सर देतील, मी त्यावर बोलले की रक्तदाब वाढतो.

उंबरठा

थोडक्यात. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या डोंगराखाली न्यूट्रिनो वेधशाळा ठरली, चुंबकित लोखंडाचा ५०,००० टनी शोधक. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. स्थानिक विरोध, पर्यावरणाचे आक्षेप, कोर्टकचेऱ्या. डोंगर आहे तसा आहे. कोण बरोबर यावर कृपया इथे भांडू नका, मला धागा चालू ठेवायचाय. तिकडे जपानमध्ये हायपर-कामिओकांडे बांधणं चालू आहे, २,६०,००० टन पाण्याचा.

चहाबाज

२६,००० टँकर. हिशोब करून ठेवला.

उंबरठा सर, त्या मुलीला उत्तर काय दिलंत ते सांगितलं नाहीत.

उंबरठा

आज सांगितलं. म्हटलं, चारपैकी दोन एक आहेत, हे पुराव्यानिशी. तिसरं त्यांच्यात आहे असं वाटायला फार चांगली कारणं आहेत, पण साक्षीदार अजून कोर्टात आलेला नाही. चौथ्याचं कुणालाच माहीत नाही. म्हणून परीक्षेत चारच लिही.

ती म्हणाली, "मग पुस्तकात असं का नाही लिहीत?" पुढच्या बाकावरची मुलं हसली. मी तक्त्याकडे वळलो.

रेवस_बंदर

काका, केजीएफच्या त्या खाणीचं आता काय आहे? प्रयोगाची जागा बघता येते का?

जुना_खाणवाला

नाही हो. २००१ मध्ये खाण बंद झाली. पंप थांबले की खाणीत पाणी चढतं, तसं चढलं. शाफ्ट बुडालेत. वरती सायनाइड डंप तेवढे राहिलेत, पांढऱ्या राखेच्या टेकड्यांसारखे. सिनेमावाल्यांची कृपा, आता लोक तिथे फोटो काढायला जातात.

चहाबाज

म्हणजे जिथे लोखंड होतं तिथे आता पाणी भरलंय. प्रोटॉन भरपूर, बघणारा कुणी नाही.

जुना_खाणवाला

बघणारा मी आहे ना. निघताना गारगोटीचा एक तुकडा बरोबर आणला होता, सोनं नसलेला, उगाच कुणाला शंका नको. मुठीएवढा. नात अभ्यासाच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवते. इतक्या वर्षांत त्यातलं काही कमी झाल्यासारखं वाटत नाही. उद्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा वजन करून बघतो.